मे महिन्यातला गावचा कला महोत्सव: जानेवारीपासूनची तयारी

तळकोकणात मे महिना हा माणसांचा महिना असतो. मुंबईहून चाकरमानी आलेले असतात, मुलांच्या परीक्षा संपलेल्या असतात, आंब्या-फणसाच्या निमित्ताने माहेरवाशिणी येतात आणि वर्षभर कुलूप असलेल्या घरांच्या पडवीत संध्याकाळी दिवे लागतात. अशा दिवसांत गावाने चार-पाच संध्याकाळी एकत्र बसून गाणे ऐकावे, नाटक पाहावे, चित्रे काढावीत, ही इच्छा साहजिक आहे आणि ती जुनीही आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी 1875 मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमालेची सुरुवात केली, तेव्हापासून उन्हाळ्याची संध्याकाळ आणि सार्वजनिक कार्यक्रम यांचे नाते महाराष्ट्रात रुळलेले आहे. बालरंगभूमीची घडणही बरीचशी मुलांच्या सुट्ट्यांच्या आधाराने झाली.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी अशा महोत्सवाच्या कामात मी बरीच वर्षे आहे. खुर्च्या मोजण्यापासून हिशेब लिहिण्यापर्यंतची बहुतेक कामे हातून गेलेली आहेत. दहा-वीस हजार वस्तीच्या गावात ज्यांना असा महोत्सव नव्याने सुरू करायचा आहे, त्यांच्यासाठी हा लेख लिहीत आहे. येथील वेळा आणि हवामान कोकणपट्टीचे आहे. विदर्भात किंवा मराठवाड्यात हे करणाऱ्यांनी तारखा एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्याकडे सरकवाव्यात आणि दुपारचे कोणतेही सत्र ठेवू नये.

पहिल्या बैठकीतला पहिला प्रश्न

बहुतेक गावांत पहिल्या बैठकीत "यंदा कोणाला आणायचे?" असा प्रश्न विचारला जातो. मालिकेतील एखाद्या चेहऱ्याचे नाव पुढे येते, त्याच्या मानधनाचा आकडा निघतो आणि उरलेला सगळा महोत्सव त्या आकड्याभोवती बेतला जातो. असा महोत्सव पहिल्या वर्षी गर्दी खेचतो, दुसऱ्या वर्षी कर्जात जातो आणि तिसऱ्या वर्षी होत नाही. म्हणून पहिला प्रश्न "आपल्याकडे कोण कोण आहे?" असा असावा, आणि त्याचे उत्तर तोंडी न देता वहीत लिहून काढावे.

ही यादी करायला आम्ही पहिल्या वर्षी तीन आठवडे घेतले आणि ते तीन आठवडे कधीही वाया गेले असे वाटले नाही. भजनी मंडळांत पेटी वाजवणारे किती, त्यांतील नाट्यगीत वाजवू शकणारे कोण, पखवाजावर कोणाचा हात तयार आहे, शाळेतील कोणते शिक्षक एकेकाळी राज्य नाट्य स्पर्धेत उतरले होते, कोणाच्या घरी जुने पडदे आणि मुकुट पडून आहेत, रांगोळी कोण घालते, गणपतीच्या शाळेत माती कोण मळते, हे सगळे घरोघरी जाऊन विचारावे लागते. मुंबईला गेलेल्या मुला-मुलींची वेगळी यादी करावी. कथक शिकणारी, एकांकिका करणारी, ध्वनिमुद्रणाचे काम करणारी अशी माणसे प्रत्येक गावातून बाहेर गेलेली असतात आणि मे महिन्यात ती गावातच असतात. त्यांना फेब्रुवारीत विचारले तर ती आनंदाने वेळ देतात. एप्रिलच्या अखेरीस विचारले तर त्यांचे बेत ठरलेले असतात.

यादी पूर्ण झाली की कार्यक्रमाचा साचा आपोआप दिसू लागतो. पाच संध्याकाळींपैकी चार गावच्या आणि तालुक्याच्या कलावंतांच्या असाव्यात आणि एक पाहुण्यांची असावी, असे माझे मत आहे. पाहुण्या कलावंताला विरोध म्हणून हे मी म्हणत नाही. बाहेरून आलेल्या चांगल्या गायकाची मैफल गावातील शिकणाऱ्या मुलांना वर्षभर पुरते. परंतु ती मैफल ऐकायला जाणारी मुले आदल्या दिवशी त्याच मंचावर गायलेली असतील, तर त्यांचे ऐकणे वेगळे होते.

तारखा

वार्षिक परीक्षा आता एप्रिलच्या अखेरपर्यंत चालतात, त्यामुळे एप्रिलमध्ये मुलांच्या तालमी धड होत नाहीत. दुसऱ्या टोकाला पाऊस उभा असतो. तळकोकणात मोसमी पाऊस साधारणपणे जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. परंतु 2025 मध्ये तो 25 मे रोजीच येऊन ठेपला आणि त्याआधीचे काही दिवसही पावसात गेले. मेच्या उत्तरार्धात वळवाची सर कोणत्याही संध्याकाळी येऊ शकते, हे गृहीतच धरावे. या सगळ्याचा विचार करता 5 ते 15 मे हा काळ सर्वांत भरवशाचा ठरतो.

या काळात लग्नसराई ऐन भरात असते. मंडपवाला, ध्वनिव्यवस्थावाला, आचारी, जनरेटरवाला आणि फोटो काढणारा ही पाचही माणसे लग्नांना बांधलेली असतात. त्यामुळे तारीख समितीने ठरवून मंडपवाल्याला कळवण्यापेक्षा, जानेवारीत मंडपवाल्याची वही पाहून तारीख ठरवावी, हे अनुभवाने सांगतो. त्याबरोबर आसपासच्या गावांच्या वार्षिक जत्रा, सप्ताह आणि शेजारच्या तालुक्यातील स्पर्धा यांच्या तारखा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून घ्याव्यात. निवडणुकीची आचारसंहिता लागण्याची शक्यता असेल तर कार्यक्रमपत्रिकेवर आणि मंचावर राजकीय पदाधिकाऱ्यांची नावे असू नयेत, ही काळजी आधीच घ्यावी. खरे तर ती दर वर्षीच घेतलेली बरी.

कागदपत्रे आणि परवानग्या

हा भाग कंटाळवाणा आहे, पण येथे चूक झाली तर महोत्सवाच्या दिवशी दुपारी धावपळ करावी लागते.

पैसे गोळा करणारी संस्था कोणती, हे प्रथम ठरवावे. गावात नोंदणीकृत वाचनालय किंवा नाट्यमंडळ असेल तर महोत्सव त्याच्या छत्राखाली घ्यावा; नवी संस्था काढण्याचा मोह टाळावा. नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करायची असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 प्रमाणे धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. बँक खात्यावर दोन सह्या असाव्यात, आणि त्या दोन व्यक्ती एकाच घरातील नसाव्यात.

मैदान नगरपंचायतीचे असेल तर तिचे, शाळेचे असेल तर शाळा समितीचे लेखी पत्र घ्यावे. पोलीस ठाण्याकडे कार्यक्रमाचा आणि ध्वनिक्षेपकाचा असे दोन्ही अर्ज किमान तीन-चार आठवडे आधी द्यावेत. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्या जागेत ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. राज्य सरकार वर्षातील जास्तीत जास्त 15 दिवस ही मुदत रात्री 12 पर्यंत वाढवू शकते, परंतु ते दिवस आधीच जाहीर झालेले असतात आणि मेमधील आपला दिवस त्यांत असेलच असे नाही. म्हणून रात्री 10 ही वेळ अटळ मानून कार्यक्रम बेतावा. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्या भोवतीचा 100 मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकतो. ग्रामीण रुग्णालयाशेजारचे मैदान कितीही सोयीचे असले तरी ते सोडून द्यावे.

नाटक करणार असाल तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र आहे का, हे पाहावे. जुन्या, प्रसिद्ध नाटकांना ते बहुधा असते आणि त्याचा क्रमांक लेखकाकडून किंवा आधी प्रयोग केलेल्या संस्थेकडून मिळतो. नव्या, गावात लिहिलेल्या एकांकिकेसाठी मात्र संहिता पाठवून ते मिळवावे लागते आणि त्याला वेळ लागतो. लेखकाची किंवा त्यांच्या वारसांची परवानगी वेगळी घ्यावी. हौशी संस्थेने विनामूल्य प्रेक्षकांसमोर केलेल्या प्रयोगाला स्वामित्वहक्क कायद्यात सवलत आहे, हे खरे; तरीही पत्र लिहून विचारावे आणि थोडे का होईना मानधन पाठवावे. ज्याच्या शब्दांवर आपली संध्याकाळ उभी राहते, त्याला ते शब्द आपण बोलणार आहोत हे कळायला नको का?

पैसा

छोट्या महोत्सवाच्या अंदाजपत्रकात मंडप, ध्वनी आणि प्रकाश ही तीन खाती सगळे पैसे गिळून टाकतात. या तिन्हींची बेरीज निम्म्याच्या वर जाऊ लागली की कशात तरी काटछाट करावी. कमान, रोषणाई आणि मोठाले फलक यांपासून सुरुवात करावी, कारण त्यांच्यावाचून कोणाचे काही अडत नाही. तालमींच्या चहा-नाश्त्यासाठी, तालमीला येणाऱ्या वादकांच्या मानधनासाठी आणि मुलांना घरी पोहोचवणाऱ्या रिक्षांसाठी मात्र आरंभीच रक्कम बाजूला काढून ठेवावी. हे खाते बहुतेक अंदाजपत्रकांत नसतेच, आणि मग पखवाजवाला महिनाभर रोज संध्याकाळी फुकट येत राहतो, तर पाहुण्या निवेदकाला पाकीट मिळते. हे मला अन्यायाचे वाटते.

गावातील कलावंतांना मानधन द्यावे, कमी असले तरी द्यावे आणि कार्यक्रम झाल्या दिवशीच द्यावे. "आपलाच माणूस आहे, त्याला काय द्यायचे," हे वाक्य समितीत कोणी उच्चारले तर त्याला तेथेच थांबवावे.

वर्गणीसाठी एका मोठ्या प्रायोजकापेक्षा शंभर लहान देणगीदार बरे. मोठा प्रायोजक एका वर्षी मागे सरला की महोत्सव कोसळतो. आम्ही दुकानदारांना रक्कम मागण्याऐवजी एखादी ठरावीक गोष्ट मागतो: एकाने पाच दिवसांचे पिण्याचे पाणी द्यावे, एकाने चित्रकलेचे कागद-रंग द्यावेत, एकाने तालमीच्या खोलीचे भाडे द्यावे. आपल्या पैशांचे काय झाले हे त्यांना डोळ्यांनी दिसते आणि पुढच्या वर्षी ते स्वतः विचारायला येतात. चाकरमान्यांच्या मुंबईतील ग्रामस्थ मंडळांना पावतीपुस्तक मार्चमध्येच पोहोचवावे.

मंच आणि मैदान

मंच साधारण 30 फूट रुंद, 24 फूट खोल आणि साडेतीन फूट उंच असावा; याहून लहान मंचावर नाटक आणि समूहनृत्य दोन्ही अवघडते. मंचाचे तोंड पश्चिमेला करू नये, नाहीतर पहिला अर्धा तास कलावंतांच्या डोळ्यांत मावळतीचे ऊन जाते. मंचावर काळे जाजम घालण्याची पद्धत आहे, पण ते दिवसभर उन्हात तापते आणि मुली अनवाणी नाचतात. म्हणून समितीतील एकाने दुपारी चार वाजता चप्पल काढून मंचावर पाच मिनिटे उभे राहावे. पाय भाजत असतील तर जाजम संध्याकाळी साडेपाचनंतरच अंथरावे आणि फळ्यांवर आधी ओले फडके फिरवून घ्यावे. फळ्यांचे सांधे आणि वर आलेले खिळेही याच वेळी हाताने चाचपून पाहावेत.

विजेसाठी महावितरणकडे तात्पुरत्या जोडणीचा अर्ज करावा. प्रकाशयोजनाकाराकडून दिव्यांचा एकूण भार लेखी घ्यावा. 1000 वॅटचे वीस जुने दिवे लावले तर केवळ त्यांचाच भार 20 किलोवॅट होतो, हे पुष्कळदा कोणाच्या लक्षात येत नाही. जनरेटर मंचापासून शक्य तितका दूर आणि वारा मैदानावरून ज्या बाजूला वाहत जातो त्या बाजूला ठेवावा, म्हणजे त्याचा आवाज आणि धूर प्रेक्षकांत येणार नाही. आर्थिंग तपासल्याशिवाय कोणालाही मंचावर पाऊल टाकू देऊ नये. वायरींचे जोड जमिनीवर न ठेवता विटांवर उचलून ठेवावेत, कारण एक सर आली की मैदानात घोटाभर पाणी होते.

पावसासाठी पर्यायी जागा हवीच. शाळेचे सभागृह, मंगल कार्यालय किंवा देवळाचा सभामंडप पाचही दिवस आपल्या नावावर राखून ठेवावा. संध्याकाळी पाच वाजता आकाश पाहून निर्णय घ्यावा, आणि तो एकाच व्यक्तीने घ्यावा. आम्ही एका वर्षी सहा जणांनी मिळून निर्णय घ्यायचे ठरवले होते. चर्चा संपेपर्यंत पडदे भिजले होते.

मागे बसणाऱ्यांना दिसावे म्हणून पुढे पंधरा फूट भारतीय बैठक ठेवावी, मुले तेथे बसतात. त्यामागे खुर्च्या, आणि खुर्च्यांच्या पहिल्या दोन रांगा वृद्धांसाठी ठेवाव्यात. सोफे मांडू नयेत. चाकाच्या खुर्चीला येता येईल अशी एक वाट आणि स्त्रियांसाठी उजेडातली, पाण्याची सोय असलेली स्वच्छतागृहे ही कार्यक्रमपत्रिकेइतकीच महत्त्वाची आहेत. पाण्यासाठी माठ आणि जार ठेवावेत, सोबत स्टीलचे पेले आणि ते विसळण्यासाठी दोन माणसे. कोकम सरबताचा एक हंडा असला तर मे महिन्याच्या घामट संध्याकाळी लोक त्याचीच आठवण जास्त काढतात. ग्रामीण रुग्णालयाला पत्र देऊन एक परिचारिका आणि प्रथमोपचाराची पेटी, मीठ-साखरेच्या पाकिटांसह, मंचाजवळ ठेवावी.

आणि एसटीचे विसरू नये. आसपासच्या वाड्यांतून येणारी माणसे शेवटच्या गाडीच्या वेळेने बांधलेली असतात. आगारात जाऊन वेळापत्रक पाहावे आणि महोत्सवाच्या दिवसांत रात्री दहानंतर निदान दोन मार्गांवर जादा गाडी सोडण्याची विनंती करावी. गाडी मिळाली तर ती वेळ कार्यक्रमपत्रिकेवर ठळक छापावी. ज्या वर्षी आम्हाला जादा गाडी मिळाली, त्या वर्षी पाहुण्यांच्या मैफलीला वाड्यांवरच्या बायका शेवटपर्यंत बसल्या.

कोणती कला कशी मांडावी

मोठा मंच प्रत्येक कलेला मानवत नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीतील ठाकर समाजाने जपलेली चित्रकथी घ्या. पोथीतील चित्रे सुटी असतात आणि एकेक चित्र जेमतेम फूट-सव्वा फुटाचे असते. कथेकरी जमिनीवर बसून ते हातात धरतो आणि कथा गात पुढे नेतो. हीच चित्रकथी पाचशे लोकांसमोर साडेतीन फूट उंचीच्या मंचावर ठेवली तर तिसऱ्या रांगेपलीकडे रंगांचे ठिपके दिसतात आणि प्रेक्षक चुळबुळ करू लागतात. दोष कलेचा नसतो, मांडणीचा असतो. चित्रकथीसाठी देवळाची ओवरी किंवा शाळेची पडवी निवडावी, साठ-सत्तर माणसांना कथेकऱ्याभोवती अर्धवर्तुळात खाली बसवावे, एक पिवळसर दिवा बाजूने तिरपा लावावा म्हणजे कागदावर चकाकी येत नाही, आणि एका संध्याकाळी एक मोठा खेळ करण्याऐवजी पाऊण तासाचे दोन खेळ ठेवावेत. त्या अंतरावरून रामाच्या रथाच्या घोड्याचा डोळा दिसतो, रेषेचा वेग दिसतो, आणि लहान मूल पुढच्या चित्राची वाट पाहत श्वास रोखून बसते. कळसूत्री बाहुल्यांनाही हाच नियम लागू आहे.

दशावतार या कोकणातील लोकनाट्याचा प्रश्न वेगळा आहे. परंपरेने तो रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतो, तर आपल्याकडे रात्री 10 ची मर्यादा. प्रमुख मंडळांशी आधी स्पष्ट बोलावे, सात वाजता सुरुवात आणि पावणेदहाला समाप्ती असे ठरवून आख्यान त्याप्रमाणे निवडण्याची त्यांना मोकळीक द्यावी. संवाद लिहिलेले नसतात, नट ते उभ्या उभ्या रचतात, त्यामुळे आख्यान आवरते घेणे त्यांना जमते. परंतु गणपती, ऋद्धी-सिद्धी, संकासुर यांचा पूर्वरंग कापा असे त्यांना सांगू नये. तो भाग त्यांच्यासाठी उपासना आहे. चेहरे रंगवण्यासाठी आरसा आणि भरपूर उजेड असलेली स्वतंत्र जागा द्यावी आणि पेटाऱ्यातील गणपतीचा मुखवटा ठेवायला स्वच्छ, उंच जागा द्यावी. मंचावर एक साधे लाकडी बाकडे लागते. तेच सिंहासन, तेच रथ, तेच पर्वत. एका वर्षी सजावटीच्या हौसेने आमच्या कोणीतरी त्या जागी मखमली खुर्ची ठेवली होती, तेव्हा राजाची भूमिका करणाऱ्या वयस्कर नटाने शांतपणे ती उचलून विंगेत नेऊन ठेवली. पायपेटी आणि मृदंग मुळातच मोठे वाजतात, म्हणून माइक नटांसाठी वर टांगावेत आणि वाद्यांचा आवाज वाढवू नये.

शास्त्रीय गायनाची मैफल शक्यतो उघड्या मैदानात ठेवू नये. किनाऱ्यावरच्या दमट हवेत तबल्याची पुडी उतरत राहते आणि तानपुऱ्याचा सूर टिकत नाही. वाद्ये मिळवायला कलावंतांना मैफलीपूर्वी एक तास, बंद खोलीत, शांतता मिळाली पाहिजे. आणि पंख्याचा झोत वाद्यांवर सरळ येता कामा नये.

सकाळच्या सत्रांत मुलांच्या कार्यशाळा घ्याव्यात, साडेआठ ते अकरा एवढ्याच. सावंतवाडीच्या गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, ही आमची आवडती कार्यशाळा आहे. दशावतारी गंजिफाच्या संचात 10 अवतारांचे 10 रंग आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक ते दहा असे 12 पत्ते, म्हणजे एकूण 120 गोल पत्ते असतात. तीस मुले असतील तर प्रत्येकाला चार पत्ते येतात, आणि चार दिवसांत गावाचा स्वतःचा संच तयार होतो. एका मुलाने मत्स्यावताराच्या पत्त्यावर घरच्या मच्छीबाजारात पाहिलेला बांगडा काढला होता, पाठीवरच्या निळ्या-हिरव्या पट्ट्यांसह. शिकवणाऱ्या बाईंनी तो तसाच ठेवला.

तालमी आणि वेळ

महोत्सव तालमीत घडतो. मुलांच्या नाटकाच्या वाचनाला मार्चमध्ये रविवारी सकाळी सुरुवात करावी, परीक्षेच्या काळात पूर्ण सुट्टी द्यावी आणि शेवटची परीक्षा झाल्यावर रोज दोन तास बसावे. प्रमुख भूमिका गावातच राहणाऱ्या मुलांना द्याव्यात आणि मुंबईहून येणाऱ्या मुलांसाठी समूहात जागा मोकळ्या ठेवाव्यात. ती मुले आठवडाभरात भाषेचा हेल उचलतात आणि दोन्हीकडच्या मुलांची मैत्री होते. रंगीत तालीम त्याच मंचावर, त्याच दिव्यांत, आदल्या रात्री व्हावी. मंडपवाल्याशी करार करतानाच "मंच एक दिवस आधी तयार" हे लिहून घ्यावे.

वेळेच्या बाबतीत मी फार आग्रही आहे आणि त्याचे कारण सांगितले पाहिजे. आमच्या तिसऱ्या वर्षी उद्घाटनाला पाहुणे तासभर उशिरा आले. मग सत्कार झाले, भाषणे झाली, भाषणांत न आलेल्या नावांसाठी पुन्हा सत्कार झाले. दुसरीतील एक मुलगी मोराच्या वेशात साडेपाचपासून तयार होऊन बसली होती. पावणेदहाला तिच्या गटाची पाळी आली तेव्हा ती विंगेत आईच्या मांडीवर झोपली होती, पिसारा पाठीखाली चुरगळला होता आणि गालावरचा निळा रंग आईच्या पदराला लागला होता. आम्ही तिला उठवले. ती रडत उभी राहिली, गाणे सुरू झाले आणि दहाला पाच मिनिटे कमी असताना ध्वनिक्षेपक बंद करावा लागला. दोन महिने ती रोज तालमीला आली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्याच्या पुढच्या वर्षापासून आम्ही लहान मुलांचे कार्यक्रम साडेसहाला, उद्घाटनाच्याही आधी ठेवतो. पाहुणे मुलांच्या कार्यक्रमानंतर मंचावर येतात. सर्व औपचारिक भाग मिळून पंधरा मिनिटांचा असतो, सत्कार शाल-श्रीफळाऐवजी एका रोपाने होतात आणि हे सगळे निमंत्रणपत्रासोबत पाहुण्यांना लेखी कळवलेले असते. कोणालाही राग आलेला नाही; उलट मुलांचे पाहायला मिळावे म्हणून काही पाहुणे सहालाच येऊन बसतात. निवेदकाने प्रत्येक कार्यक्रमाची ओळख एका मिनिटात करावी, आणि दोन कार्यक्रमांच्या मधल्या बदलासाठी प्रत्यक्ष सात मिनिटे लागत असतील तर पत्रिकेत दहा धरावीत. विंगेत एक मोठे घड्याळ आणि वेळेची यादी घेऊन एक व्यक्ती असावी, आणि तिचा शब्द अध्यक्षांच्याही वर मानावा.

कार्यकर्त्यांची वाटणी करताना दर दिवशी प्रत्येकाला एक तरी कार्यक्रम समोर बसून पाहता येईल अशी पाळी लावावी. स्वयंपाकघरात आणि वाहनतळावर राबणारी माणसे पाच दिवस मंचाकडे पाठ करून उभी राहिली तर पुढच्या वर्षी ती येत नाहीत, आणि यावे तरी का?

महोत्सव संपल्यावर

शेवटच्या रात्री मैदान झाडून मगच घरी जावे. पडदे आणि वेश दुसऱ्या दिवशी उन्हात वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून पेटीत ठेवावेत. कोकणातल्या पावसाळ्यात ओला राहिलेला पडदा ऑगस्टपर्यंत कुजतो. पंधरा दिवसांच्या आत जमाखर्च तपासून वाचनालयाच्या फलकावर लावावा, देणगीदारांच्या नावांसह आणि तुटीसह.

त्यानंतरची एक बैठक केवळ चुका लिहिण्यासाठी घ्यावी. आमच्याकडे त्यासाठी एक जाड वही आहे. तिच्यात "दुसऱ्या दिवशी पाण्याचे जार आठ वाजता संपले," "डाव्या विंगेत उजेड कमी, एक मूल अडखळले," "पिंगुळीच्या मंडळींना जेवण उशिरा मिळाले, क्षमा मागावी," अशा नोंदी आहेत, आणि प्रत्येक नोंदीपुढे ती कोणी दुरुस्त करायची त्याचे नाव आहे. जानेवारीत मंडपवाल्याकडे जाताना ही वही बरोबर घ्यावी.